जुन्या कोडमधल्या न कळणाऱ्या कॉमेंट्स : तुमचे अनुभव लिहा

जुना कोड हातात आला की कॉमेंट्समध्ये, म्हणजे माणसांनी वाचायच्या टिपांमध्ये, नाना खुणा दिसतात, आणि त्या करणारा माणूस बहुधा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. तुम्हाला अडलेली आणि मग उलगडलेली खूण इथे लिहा. सुरुवात मी करते.

वायटूकेच्या, म्हणजे सन २०००च्या तारखांसाठीच्या दुरुस्त्यांच्या, धामधुमीत पुण्यात माझ्याकडे कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड आला. सातव्या रकान्यात, म्हणजे ओळीतल्या सातव्या अक्षराच्या जागी, तारा (*) असला की ती ओळ कॉमेंट, एवढं माहीत होतं. काही ओळींत मात्र ताऱ्याच्या जागी तिरकी रेघ होती. तीही कॉमेंटच, फक्त कोडचं लिस्टिंग कागदावर छापताना तिथून नवं पान सुरू होतं. खरं कोडं उजव्या टोकाला होतं. ७३ ते ८० या रकान्यांत मधूनच आद्याक्षरं आणि आकडे. ८० रकान्यांच्या पंचकार्डांच्या काळात ही जागा प्रोग्रॅमच्या ओळखीसाठी राखलेली. कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तिकडे बघतच नाही, म्हणून आधीच्या लोकांनी तिथे बदलाचा क्रमांक लिहायला सुरुवात केलेली. बदलांच्या रजिस्टरशी ते आकडे ताडून पाहिले आणि कुठली ओळ कोणत्या दुरुस्तीत बदलली, हे उलगडत गेलं. त्या अनोळखी माणसांच्या शिस्तीबद्दल मला आजही आदर वाटतो.

—

रकान्यांवरून फोरट्रान ही जुनी भाषा आठवली. तिथे पहिल्या रकान्यात सी आला की ओळ कॉमेंट. आमच्या प्रोग्रॅममध्ये काही लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आधी सी, लगेच डॉलर आणि ओएमपी (C$OMP) अशा ओळी होत्या. एका सहकाऱ्याने साफसफाई करताना त्या काढल्या. उत्तरं तीच आली, पण प्रोग्रॅम फार रेंगाळू लागला. ओपनएमपी या समांतर काम करवण्याच्या सोयीचा पर्याय दिला की कंपायलर याच ओळी आज्ञा म्हणून वाचतो आणि लूपचं काम अनेक प्रोसेसरांवर वाटतो. पर्याय नसेल तर त्या नुसत्या कॉमेंट. पर्याय असो वा नसो, एकच फाइल दोन्हीकडे चालावी म्हणून केलेली ही सोय मला फार सुंदर वाटते.

—

बीएसडी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका प्रकारातल्या, सी भाषेतल्या कोडमध्ये कॉमेंटची सुरुवात /*- अशी दिसते. ती आडवी रेघ ‘इंडेंट’ या कोडची मांडणी नीट करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी : ही कॉमेंट पुन्हा जुळवू नकोस. तसंच कॉमेंटमधलं ‘नॉटरीच्ड’. स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या लिंटला (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) त्यातून कळतं, की अंमलबजावणी इथवर येतच नाही, तेव्हा तक्रार नको.

—

आणि @(#)? युनिक्सची ‘व्हॉट’ ही आज्ञा फाइलमध्ये हीच अक्षरं शोधून पुढचा मजकूर दाखवते. ही खूण कॉमेंटऐवजी स्ट्रिंगमध्ये (प्रोग्रॅममधल्या मजकुरात) ठेवली असेल तर तयार बायनरीतूनही, म्हणजे मशीनने चालवायच्या फाइलमधूनही, आवृत्ती कळते. मूळ कोड हरवलेल्या एका प्रोग्रॅमची आवृत्ती आम्ही अशीच शोधली.

लिस्प भाषेतल्या कॉमेंट्सच्या एक, दोन, तीन अर्धविरामांबद्दल कोणी लिहील का?