सेल्टातला मोठा फरक: प्रत्यक्ष शिकवणं

इंग्रजी कसं शिकवायचं याचा १२० तासांचा स्वस्त ऑनलाइन कोर्स आणि तेवढ्याच तासांचा केंब्रिजचा सेल्टा (CELTA, इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स) यांत फरक काय, असा प्रश्न आहे. मोठा फरक प्रत्यक्ष शिकवण्याचा. सेल्टात खऱ्या विद्यार्थ्यांना, दोन वेगळ्या पातळ्यांवर, एकूण ६ तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून नोंदी घेतो. शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास बघायचे आणि ४ लेखी असाइनमेंट. पूर्णवेळ केला तर हे सगळं ४-५ आठवड्यांत. त्या काळात नोकरी सांभाळायचा विचारही करू नका.

बहुतेकांची गाडी अडते ती व्याकरण समजावताना. नवशिका बोलत सुटतो आणि शेवटी 'समजलं का?' विचारतो. सगळे माना डोलावतात, कळलेलं काहीच नसतं. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा. 'ही यूज्ड टू स्मोक' (He used to smoke, तो पूर्वी सिगारेट ओढायचा) शिकवताना: आधी ओढायचा का? एकदाच की नेहमी? आता ओढतो का? उत्तर चुकलं की गोंधळ नेमका कुठे आहे ते दिसतं. प्रश्न अर्थातच सोप्या इंग्रजीत, आणि त्यात 'यूज्ड टू' येऊ न देता. पाठाच्या आराखड्यातच लिहून ठेवा. ऐनवेळी सुचत नाहीत.

सेल्टाला प्रवेश मिळण्याआधी विचारतात त्या भाषाविषयक प्रश्नांसाठी इंग्रजीतले काळ नीट घोटून जा.