वारीची वाट आधी मेंढरांची की माउलींची?

नौपाडाकर:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "वारीचा रस्ता मुळात मेंढपाळांचा. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी १९६२ मध्येच सिद्ध केलंय, संत नंतर आले." अहो, कोसंबींनी तर्क मांडला. पालखीच्या वाटेवर गारगोटीची बारीक हत्यारं सापडली म्हणून वारी अश्मयुगातली होते का? १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी काढली, आणि माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली, तीही एकोणिसाव्या शतकात. आणि रस्ता म्हणजे कुठला? मुक्ताबाईंची पालखी खानदेशातून येते, नाथांची पैठणहून, निवृत्तिनाथांची त्र्यंबकहून नगर-करमाळ्यावरून. कोसंबी पुण्यात, समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे पुण्यात, विठोबाच्या पंथावर लिहिणारे फादर दलरीही पुण्यातच. यांच्या दारावरून ज्या पालख्या गेल्या तीच 'वारी' ठरली! पैठणला एखादा कोसंबी राहता तर सिद्धांत वेगळाच निघाला असता.

माणदेशी, मुक्काम कळवा:
काका, ते मीच लिहिलं आणि परत लिहीन. आमचे आजोबा दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांचा तांडा, घेऊन कोकणात उतरायचे. कापलेल्या भातशेतात मेंढरं बसवायची, शेतकरी बदल्यात भात द्यायचा. पाऊस तोंडावर आला की उलटे पूर्वेला, कारण कोकणातल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. पालखीही ज्येष्ठात पूर्वेलाच सरकते, नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरस. हा योगायोग? संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं, जर्मन अभ्यासक सोन्थायमर तर धनगरांच्या वाड्यावाड्यांतून हिंडला. तो कुणाच्या दारात बसला नव्हता.

ऐरोलीकर:
ज्येष्ठात निघतात ते पेरणी उरकते म्हणून. एवढं सोपं आहे, खूर कशाला हवेत मध्ये?

वाशीची वाचक:
मेंढरांतून बाहेर या जरा. 'ज्या देशाचे लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र' हे इरावतीबाईंचं वाक्य सगळे मिरवतात. त्याच लेखात त्यांनी लिहिलंय की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे चालत, वेगळे जेवत. ते कुणाला आठवत नाही.

तुर्भे धान्य मार्केट:
ताई, कवाची गोष्ट सांगताय? आमची माथाड्यांची दिंडी, जावळी-पाटणची पोरं. टँकर एक, कढई एक, पंगत एक.

वाशीची वाचक:
दादा, तुमची पोरं सगळी एकाच पट्ट्यातली, पंगत एकच असणार. माझी सासू दिंडीत चपात्या लाटायला बसली. कुणीतरी आडनाव विचारलं आणि म्हणालं, "तुम्ही भांड्यांकडे बघा." ही इरावतीबाईंच्या काळातली नाही, माझ्या लग्नानंतरची गोष्ट आहे.

तुर्भे धान्य मार्केट:
मग ती दिंडी नासकी. अख्ख्या वारीला कशापायी बोल लावता?

ऐरोलीकर:
आणली शेवटी जात! माउलींच्या नावाने तरी सोडा.

वाशीची वाचक:
मी आणली? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर मी बांधली? १९४७ मध्ये मंदिर सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना उपोषणाला मी बसवलं? ज्याला पंगतीत बसवून घेतात, त्यालाच जात दिसत नाही.

ऐरोलीकर:
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

वाशीची वाचक:
मग नका बोलू.

नौपाडाकर:
मूळ मुद्दा गेला चुलीत. माणदेशी, खुरांचं पटलं, घ्या, पेढे वाटा. पैठणचं काय?

माणदेशी, मुक्काम कळवा:
पैठण तुम्हाला दिलं. पण हैबतबाबांनी शिस्त आणली, शितोळे सरकारांचे घोडे आणले, वाट खणली नाही. पंढरपूरच्या देवळातल्या 'चौऱ्याऐंशीच्या' शिलालेखात १२७३ पासूनच्या देणग्या आहेत. ते भक्त काय उडत येत होते?

नौपाडाकर:
चालतच येत होते, दहा दिशांनी! तेच तर कालपासून बोंबलतोय!

तुर्भे धान्य मार्केट:
दोघंबी या आमच्या दिंडीत. दिवेघाट चढताना भांडा, दम किती उरतो बघू.

वाशीची वाचक:
आणि भांडी कोण घासणार ते निघायच्या आधी ठरवा.