स्तन काढण्याची शस्त्रक्रिया : सासूबाईंसाठी आधी काय तयारी करावी आणि नंतर हात कसा सांभाळावा?

पळसफूल :

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो. घरी चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि तिच्यात कपाशी व तूर असते. माझ्या सासूबाई ५६ वर्षांच्या आहेत. त्यांच्या उजव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे सुईच्या तपासणीत निष्पन्न झाले असून, वर्धा जिल्ह्यातील एका रुग्णालयात पोळ्यानंतरच्या आठवड्यात पूर्ण स्तन आणि काखेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. चार-पाच दिवसांत घरी सोडतील, परंतु जखमेतील नळी तशीच ठेवून पाठवतील, असे तेथील सिस्टरांनी सांगितले. रुग्णालयात जायला आम्हांला दोन एसटी बदलाव्या लागतात, त्यामुळे नळीचे काही बिघडले तर काय करावे या विचाराने मला झोप येत नाही.

शेजारपाजारच्या बायका सांगतात की आंबट दिल्यास जखमेत पू होतो आणि तो हात तीन महिने मुळीच हलवू द्यायचा नाही. यात तथ्य किती? सासूबाई सगळी कामे उजव्या हाताने करतात आणि दसऱ्यापुढे कापसाचा पहिला वेचा सुरू होईल.

आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. त्यांना आम्ही आतापर्यंत केवळ "गाठ काढणार आहेत" एवढेच सांगितले आहे. माझे यजमान म्हणतात की पूर्ण सांगितले तर आई टेबलावर जाणारच नाही.

वर्धाकाठ :

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली, डाव्या बाजूची. मीही शेतातच राबणारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रथम हाताविषयी, कारण छातीची जखम दोन-तीन आठवड्यांत वरून भरते, हाताचे मात्र पुढे वर्षानुवर्षे पाहावे लागते. "हलवू नको" हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो इतक्या निष्ठेने पाळला की महिनाभर हात पदराखाली छातीशी धरून बसले. परिणाम असा झाला की खांदा आखडला, वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईना, आणि पुढे विकिरणोपचारासाठी हात डोक्यामागे घेऊन निजायची वेळ आली तेव्हा डोळ्यांतून पाणी आले. तेथील व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढायला शिकवले. घरी मी रोज जेथवर बोटे पोहोचत तेथे कोळशाने खूण करीत असे. पहिल्या आठवड्यात सगळ्या खुणा एकमेकींना चिकटून होत्या, पण दोन महिन्यांनी मी छताच्या वाशाजवळ पोहोचले. काखेतून कोपराकडे दोरीसारखे काही ताणले जाते असे सासूबाईंनी सांगितले तर घाबरू नका. तो प्रकार बऱ्याच जणींना होतो आणि हळूहळू ताण देत राहिल्याने सुटतो. दंडाची आतली बाजू बधिर लागते, ती माझी अजूनही पूर्ण जागी झालेली नाही.

नळीविषयी. तिच्या टोकाला भात्यासारखी दाबता येणारी एक डबी असते. ती दाबलेली राहिली तरच आतले पाणी ओढले जाते. डबी आपोआप फुगून मोकळी झाली असेल तर कोठून तरी हवा शिरते आहे, असे समजून रुग्णालयात फोन करावा. रोज सकाळी एकाच वेळी मापाच्या भांड्यात पाणी मोजून वहीत लिहावे, कारण बहुतेक डॉक्टर चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आल्याशिवाय नळी काढत नाहीत आणि त्यांना तुमची वहीच पाहायची असते. रंग आधी लाल, मग गुलाबी आणि शेवटी पिवळसर होत जातो. पिवळसर झाल्यावर अचानक पुन्हा ताजे रक्त आले, दुर्गंधी आली, जखमेभोवती लाली पसरली किंवा थंडीताप आला तर दुसऱ्या दिवसाच्या एसटीची वाट पाहू नये. मी जुन्या साडीची लहान पिशवी शिवून ती कमरेच्या नाडीला बांधली होती, म्हणजे डबी लोंबकळत नाही आणि टाके ओढले जात नाहीत. कपडे पुढून उघडणारेच हवेत. मी यजमानांचे जुने सदरे दीड महिना वापरले आणि त्याबद्दल गावात कोण काय बोलले ते मला आजही पाठ आहे.

आंबटाने पू होत नाही. जखम भरायला वरण, अंडी, दूध, फुटाणे, शेंगदाणे असे प्रथिनांचे अन्न लागते, आणि पथ्याच्या नावाखाली बाईला नुसत्या पेजेवर ठेवले तर मात्र जखम रेंगाळते. दही खुशाल द्या.

वेचणीचे मात्र या वर्षी विसरावे. सीतादहीच्या, म्हणजे वेचा सुरू करतानाच्या पूजेच्या दिवशी त्यांना शेतात जरूर न्यावे, ओटी बांधून तासात उतरू देऊ नये. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना किती टोचतात ते तुम्हांला सांगायला नको. काखेतील गाठी निघाल्यावर हातातली लस, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव, परत वाहून नेणाऱ्या वाटा कमी झालेल्या असतात, त्यामुळे एवढ्याशा ओरखड्यातून जंतू शिरले तरी अख्खा हात लाल होऊन सुजू शकतो. दुसऱ्या वर्षी मला असेच तुरीच्या खुंटाचे लागले आणि आठ दिवस सलाईन घ्यावे लागले. आता मी हातमोजा घातल्याशिवाय वेचणी करत नाही आणि पाण्याचा गुंड नेहमी दुसऱ्या कमरेवर घेते.

निवृत्त सिस्टर :

वरील ताईंचा अनुभव मोलाचा आहे, परंतु एक गोष्ट नेमकी करून सांगते. व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचा, मात्र टप्प्याने. नळी असेपर्यंत मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, आपल्या हाताने जेवणे आणि केस विंचरण्याचा प्रयत्न करणे एवढे पुरे. कोपर खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये, कारण फार लवकर ताण दिल्यास पाणी अधिक सुटते आणि नळी लांबते. भिंतीवरची मुंगी नळी निघाल्यानंतर. नळी काढल्यावरही काखेत पाण्याची पिशवी जमल्यासारखे वाटले तर ते सुईने काढून देतात. ते घरी दाबून काढण्याचा उद्योग करू नये.

आता शस्त्रक्रियेपूर्वीचे. सासूबाई खर्रा किंवा अन्य रूपात तंबाखू घेत असतील तर आजच बंद करायला लावा, आणि हा नुसता उपदेश म्हणून नव्हे तर दोन ठोस कारणांसाठी. तंबाखूने जखमेच्या कातडीला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि कडा काळ्या पडू शकतात. दुसरे असे की वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, आणि भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायची असल्याने ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आधी कळणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. सासूबाईंना स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात जातात का ते पाहायला सांगा आणि जात नसतील तर भूलपूर्व तपासणीत आपणहून बोला.

आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण पुष्कळ आहे. तपासणी झालेली नसेल तर करून घ्या आणि कार्ड असेल तर सोबत न्या, कारण अशा रुग्णाला शस्त्रक्रियेत थंडी वाजू न देणे आणि पाणी कमी पडू न देणे याची वेगळी काळजी घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे घन आहार सहा तास आधी बंद करतात, साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न देणारी घरे मी खूप पाहिली, तसे करू नका. रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांपैकी कोणती चालू ठेवायची हे भूलतज्ज्ञच ठरवतील. वैदूचा काढा चालू असेल तर तोही सांगा, कोणी रागावणार नाही.

राहिला प्रश्न सासूबाईंना सांगण्याचा. संमतिपत्रावर सही किंवा अंगठा त्यांचा असतो, मुलाचा नव्हे. गाठ काढतील या समजुतीने झोपलेली आणि शुद्धीवर आल्यावर छाती चाचपून पाहणारी बाई मी वॉर्डात पाहिली आहे. नंतर तिने महिनाभर घरच्या कोणाशीही बोलणे टाकले होते. मुलाला जमत नसेल तर तुम्ही सांगा, बाई बाईला सांगते तेव्हा ते निराळे असते. शिवाय स्तन वाचवून केवळ गाठ काढण्याचा पर्याय काही जणींना असतो. तो त्यांना आहे की नाही, आणि नसल्यास का नाही, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा.

तुरीवाला :

मी पत्नीच्या वेळी धावपळ केलेला माणूस, म्हणून कागदांपुरते लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ही शस्त्रक्रिया होते. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी मंजुरी अडते, म्हणून आताच तपासून रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना भेटा. रक्त लागलेच तर देणारे दोन नातेवाईक सांगून ठेवा. काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल यायला दोनेक आठवडे लागतात आणि पुढे केमो, विकिरण की गोळ्या हे त्यावरच ठरते, म्हणून तो घेतल्याशिवाय उपचार संपले असे समजू नका. आमचा अहवाल एका ठिकाणी गहाळ झाला आणि तीन फेऱ्या वाया गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतो.

पळसफूल :

सर्वांचे मनापासून आभार. काल स्वयंपाक करताना मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या बराच वेळ चुलीतील लाकडे मागे-पुढे करीत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले की स्तन वाचवता येत नाही का. आज डॉक्टरांना त्यांनी स्वतः तेच विचारले. गाठ मोठी असून ती एकाहून अधिक जागी असल्याने पूर्ण काढणेच योग्य आहे, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. तोंडात दोनच बोटे जातात, तेही सांगितले. सिकलसेलच्या तपासणीसाठी रक्त दिले आहे. खर्रा तीन दिवसांपासून बंद आहे आणि घरात सगळ्यांना त्याचा ताप सोसावा लागतो आहे.

त्यांचा आता एकच प्रश्न उरला आहे. लग्नाकार्यात गेल्यावर एका बाजूने सपाट दिसेल, त्याचे काय?

वर्धाकाठ :

तयार सिलिकॉनचे स्तन मिळतात, पण ते महाग असतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांखाली घामोळे येते. मी घरच्या कापसाचे करते. सरकी काढून पिंजलेला कापूस मऊ सुती कापडात भरून दुसऱ्या बाजूच्या मापाचा गोळा शिवायचा आणि चोळीला आतून खिसा लावून त्यात बसवायचा. टाके पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, नुसता कापूसच ठेवावा. त्यानंतर डॉक्टरांनी जखम पाहून होकार दिला की वजन सारखे व्हावे म्हणून आत मोहरीची छोटी पुरचुंडी घालता येते, नाहीतर एक खांदा वर चढतो आणि पाठ धरते. शिवण एका बाजूने उघडी ठेवून तिला बंद लावावा, कारण धुण्यापूर्वी मोहरी काढून ठेवावी लागते. माझी एकदा तशीच भिजली आणि तिला मोड आले.