उद्रेक न करणारे अंधुक सीव्ही तारे झेडटीएफमधून कसे शोधावेत?

नक्षत्रयात्री
झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रकाशवक्रांतून (ताऱ्याची तेजस्विता वेळेनुसार कशी बदलते त्याचे आलेख) कॅटॅक्लिस्मिक तारे, म्हणजे सीव्ही, निवडतो आहे. या जोडताऱ्यांत श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढत असतो. तीन-चार प्रतींनी उजळणारे चटकन दिसतात. पण 19-20 प्रतीचे (प्रत जितकी मोठी तितका तारा अंधुक), वर्षानुवर्षं शांत पडलेले कसे गाठायचे? शिवाय एका ताऱ्याचा आवर्तकाल (कक्षेत एका फेरीचा वेळ) जी फिल्टरमध्ये 82 मिनिटं येतो, आर फिल्टरमध्ये 87. खरा कोणता?

कृत्तिका
उद्रेकाची वाट पाहिलीत तर किमान आवर्तकालाजवळ (साधारण 80 मिनिटं) पोचलेले तारे निसटतातच. ते फार क्वचित उजळतात. डब्ल्यूझेड सॅजिटे या ताऱ्याचेच उद्रेक बघा: 1913, 1946, 1978, 2001. शोध गाइआपासून, म्हणजे ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या उपग्रहाच्या यादीपासून, सुरू करा. रंग-तेजस्विता आलेखात श्वेत बटूंच्या पट्ट्याच्या जरा वर, निरपेक्ष प्रत (10 पार्सेकवरून दिसेल ती) 11 ते 12च्या आसपास, निळसर तारे निवडा. मग तेवढ्याच प्रतीच्या, तेवढ्याच वेळा मोजलेल्या इतर ताऱ्यांपेक्षा ज्यांच्या गाइआच्या जी-फ्लक्सची (मोजलेल्या प्रकाशाची) त्रुटी जास्त आहे ते वेगळे काढा. ती जास्तीची त्रुटी बहुधा प्रकाशातला खराखुरा चढउतार असते. गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीच्या नोंदींमध्ये अतिनील प्रकाश ठळक असेल तर उमेदवार आणखी पक्का.

मर्यादाही आहे. 11.5 निरपेक्ष प्रतीचा तारा 400 पार्सेकवर 19.5 प्रतीचा दिसतो, पराशय (ज्यावरून अंतर काढतात ते सूक्ष्म कोनीय सरकणं) 2.5 मिलिआर्कसेकंद, त्रुटी सुमारे 0.35. इथवर ठीक. 20.5 प्रतीला पराशय 1.6वर येतो आणि त्रुटी जवळपास दुप्पट होते. तिथे पराशयावर विसंबू नका, क्ष-किरण किंवा एच-अल्फाचा आधार घ्या.

शून्यबिंदू
82 मिनिटं म्हणजे दिवसाला 17.56 फेऱ्या, त्यातून एक वजा केली की 16.56, म्हणजे 87 मिनिटं. दुर्बीण एकाच जागी, निरीक्षणं फक्त रात्री, म्हणून हा एक दिवसाचा एलियस, म्हणजे निरीक्षणांतल्या खंडांमुळे उमटणारा खोटा आवर्तकाल. 77.6 मिनिटांवरही शिखर दिसेल, तपासा. प्रत्येक फिल्टरचा मध्यक वजा करून जी आणि आर एकत्र करा. वारंवारता दिवसाला 2 ते 60 फेऱ्या, पायरी 0.0001, पायरी मोठी ठेवली तर अरुंद शिखर मधूनच निघून जातं. वेळ सूर्यकेंद्री आहे ना, हे आधी बघा. नसेल तर वर्षभरात 16 मिनिटांपर्यंत फरक पडतो आणि 82 मिनिटांचा वक्र पसरट होतो. आणखी एक: या ताऱ्यांच्या एका फेरीत अनेकदा दोन उंचवटे असतात. 41 मिनिटं आली तर दुप्पट करून घडी घालून (सगळी मोजमापं एकाच फेरीवर रचून) पाहा. उंचवटे असमान निघाले तर दुप्पटच खरा. तरीही निवाडा झाला नाही तर सलग तीन-चार तास एकाच ताऱ्यावर दुर्बीण रोखणं हाच उपाय.

कृत्तिका
बरोबर. त्याआधी व्हीएसएक्स या रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत नोंद आहे का ते बघा, मग एसडीएसएस आणि डेसी या सर्वेक्षणांचे वर्णपट. पुष्कळदा वर्णपट आधीच पडून असतो. बामर (हायड्रोजनच्या) रेषांची रुंद शोषणदरी आणि तिच्या मध्यात दुहेरी उत्सर्जन दिसलं की श्वेत बटू आणि त्याच्याभोवतीची द्रव्याची चकती दोन्ही सापडले. नवा वर्णपट घ्यायचा असेल तर एकेक एक्स्पोजर 10 मिनिटांच्या आत ठेवा. अर्ध्या तासाच्या एक्स्पोजरमध्ये तारा कक्षेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग फिरतो आणि दुहेरी शिखर लिंपून एक होतं.

शून्यबिंदू
एकाच बिंदूपुरता उजळलेला तारा यादीत घेऊ नका. क्रांतिवृत्ताजवळ तो बहुतेक वेळा वरून गेलेला लघुग्रह असतो.