आर-एचमधलं माकड

रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ज्यावरून ठरतं त्या आर-एच घटकाबद्दल 'आर-एच म्हणजे ऱ्हीसस, म्हणजे आपल्या रक्तात माकडाचाच अंश' असं कोणीतरी लिहिलंय. नाव माकडावरूनच आलं हे खरं, पण अंशाची भानगड थोडी वेगळी आहे.

१९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर या शास्त्रज्ञांनी ऱ्हीसस माकडाचं रक्त सशांना टोचलं. सशांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांनी बऱ्याच माणसांच्या, साधारण ८५ टक्के नमुन्यांतल्या, लाल पेशींच्याही गुठळ्या केल्या. म्हणून तो घटक 'ऱ्हीसस'. गंमत पुढेच आहे. सशाची प्रतिपिंडं पकडत होती तो घटक वेगळाच, आपण ज्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो तो नव्हेच, हे नंतर कळलं! तोवर नाव इतकं रुळलं होतं की ते तसंच राहिलं आणि त्या दुसऱ्या घटकाला लँडस्टायनर-वीनर यांच्या आद्याक्षरांवरून 'एल-डब्ल्यू' म्हणू लागले.

'भारत अजूनही माकडं निर्यात करतो' असंही कोणी म्हटलंय, तेही चूक. मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ पासून ती बंद केली. कारण माकडं देताना अट फक्त वैद्यकीय वापराची होती, अमेरिकेत मात्र किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत माकडं वापरली गेली.

देशातले प्रयोग थांबलेले नाहीत. कोव्हॅक्सिनची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर झाली. टाळेबंदीत माकडं मिळेनात, शेवटी नागपूरकडच्या जंगलातून पकडून आणली. पुण्याच्या आसपास दिसतं ते बहुतेक टोपी माकड, ऱ्हीसस नव्हे.