अनुभव धागा: मोबाइलवर व्हिडिओ अटकते, काळं दिसते, आवाज येत नाही. तुमच्याकडे कायनं चालू झालं?

कपाशीचा_बांध (यवतमाळ)
खरिपाच्या आधी कपाट आवरताना डबीतून २ जीबीचं जुनं मेमरी कार्ड निघालं. त्यात खडी गंमतचं (आपल्या लोकनाट्याचं) रेकॉर्डिंग आहे, ३जीपी फाइल, १७६ बाय १४४ चं इवलंसं चित्र. फोनमध्ये टाकलं की फोन म्हणतो, फॉरमॅट करा. त्यावरून ते दिवस आठवले, मोबाइल शॉपीतून कार्ड भरून आणायचे. आता नेट खिशात आहे, तरी गावात रोज कोणी ना कोणी फोन पुढे करते, व्हिडिओ चालून नाही राहिला म्हणून. आणि सगळे दोष नेटला देतात. पॅकवर पॅक मारतात, काही जण तर फोनच बदलतात.

माझं म्हणणं एवढंच की आधी वेगळं काढा: बिघाड फाइलचा, फोनचा का नेटचा. व्हिडिओ फोनमध्ये उतरवलेला असेल तर विमान मोड लावून चालवा. तरीही अटकला तर नेटचा काही संबंध नाही. मग तीच फाइल दुसऱ्या फोनवर चालवा. तिथे चालली तर बिघाड पहिल्या फोनमध्ये, नाही चालली तर फाइलमध्ये. ऑनलाइन व्हिडिओ असेल तर १४४ पी वर टाकून पाहा. १४४ ला सुरळीत आणि ४८० ला चकरी फिरते, म्हणजे नेट. १४४ लाही चित्र धक्के खाते, म्हणजे फोन दमला.

तुमच्याकडे कायनं जमलं ते लिहा. आणि कार्डाचंही सांगा बा कोणी.

रिपेरिंग_दारव्हा
भाऊ, कार्ड फॉरमॅट करू नका!! बाकीचं दुकान बंद केल्यावर सांगतो, गिऱ्हाईक उभं आहे.

संत्राबाग
वरूडकडे रात्री ८ ते १० काहीच चालत नाही. पहाटे ५ ला तोच व्हिडिओ ७२० वर पळते. टॉवर एकच, पाहणारे सगळे एकाच वेळी. जे पाहायचं ते पहाटे उतरवून ठेवायचं.

रेंजवाला_वणी
संत्राबाग, बरोबर. दांड्या पाहून फसू नका, आकडा पाहा. सेटिंग, अबाउट फोन, स्टेटस, सिम स्टेटस. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएम मध्ये येते, उणे चिन्ह असते. उणे ८५ च्या आसपास झकास. उणे १०० चालते. उणे ११० च्या खाली गेलं की व्हिडिओ अटकणारच, मग पॅक कोणताही मारा. आकडा चांगला असून अटकत असेल तर टॉवरवर गर्दी आहे.

टिनाच्या घरात आकडा एकदम पडते, धातू लहरी अडवते. त्यावर एक साधं काम करा. घरात दुसरा फोन असेल तर सिमवाला फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, आकडा जिथे सगळ्यात बरा तिथे, आणि हॉटस्पॉट लावून आत पाहा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वाला भिंतीपलीकडे लवकर मरते. कट्ट्यावर ऊन येत असेल तर फोन कापडाने झाकू नका, त्याने आणखी तापते. सावलीचा कट्टा शोधा.

जिथे ५ जी येते-जाते तिथे फोन ५ जी आणि ४ जी मध्ये उड्या मारत राहतो, दर उडीला चकरी. तिथे प्रेफर्ड नेटवर्क मध्ये ४ जी करून टाका. सेटिंगमध्ये सापडत नसेल तर बऱ्याच अँड्रॉइडमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की फोन इन्फॉर्मेशन उघडते, तिथे एलटीई ओन्ली (म्हणजे फक्त ४ जी) निवडता येते. पण काही सिमवर त्याने साधा कॉल लागणं बंद होते, म्हणून काम झालं की परत पहिल्यासारखं करा.

बचतगट_ताई
भाजी फोडणीला टाकली आहे, घाईत लिहिते. रोजचा डेटा संपला की नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएस वर येते. बायांना वाटते नेट सुरू आहे मग व्हिडिओ काऊन नाही. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जाते, व्हिडिओ १४४ वरही धड चालत नाही. आधी डेटा किती उरला ते पाहायला शिकवा सगळ्यांना.

रेंजवाला_वणी
ताई, लाखाची गोष्ट. हिशेब पण सांगून ठेवतो. १ एमबीपीएस ने तासभर पाहिलं की ४५० एमबी जाते. साधारण ४८० पी ला तेवढं धरून चला. म्हणजे दीड जीबीचा पॅक सव्वातीन तासात खलास. यूट्यूबमध्ये व्हिडिओ क्वालिटी प्रेफरन्सेस मध्ये मोबाइल नेटवर्कसाठी डेटा सेव्हर लावा, एकदाच लावायचं असते.

झाडीपट्टीचा_धानवाला
आमच्या इकडे लाईन गेली की थोड्या वेळात टॉवरही जाते. त्याला काय उपाय?

रेंजवाला_वणी
काका, टॉवरची बॅटरी उतरली की तुमच्या हाती काही नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम स्लॉट २ मध्ये ठेवा, ज्याचा टॉवर वेगळा आहे असं. गावात विचारून घ्या कोणाचं लाईन गेल्यावरही टिकते.

सोयाबीन_मेहकर
मला उगवण चाचणीचा व्हिडिओ पाहायचा आहे, १२ मिनिटांचा आहे, ३ मिनिटांवर येऊन थांबते. पेरणी तोंडावर आली.

कपाशीचा_बांध (यवतमाळ)
त्यासाठी व्हिडिओ कायले पाहिजे दादा. १०० दाणे मोजा, निवडून चांगले नका घेऊ, पोत्यातून हात घालून येतील ते घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत ठेवा, दाण्याला दाणा लागू देऊ नका, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडा, निथळू द्या. सहा-सात दिवसांनी मोजा. ७० किंवा जास्त निरोगी कोंब आले तर नेहमीचं प्रमाण. कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते बियाणं पेरू नका.

सोयाबीन_मेहकर
खूप खूप आभार भाऊ. आजच लावतो.

रेंजवाला_वणी
मेहकरवाले दादा, नेमकं ३ मिनिटांवरच दर वेळी थांबत असेल तर फोनची जागा भरली का ते पाहा. ऑनलाइन व्हिडिओही पुढचा तुकडा फोनमध्ये तात्पुरता ठेवत असते. जागा नसली की तिथेच अडते. १-२ जीबी मोकळी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. ५ एमबीच्या वरच्या फाइल वेगळ्या दाखवते, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ तिथूनच काढा.

मास्तरीण_धारणी
शाळेचं सांगते. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा मेळघाटात पोरं रेंजसाठी टेकडीवर बसलेली सगळ्यांनी पाहिली, ते आठवलं की आजही पोटात कालवते. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपमध्ये जो धडा उघडतो तो तिथेच चालवत बसू नका. डाउनलोड करा, अ‍ॅपच्या डाउनलोड्स मध्ये जमा होतो, मग नेटविना चालतो. तालुक्याला गेलं की आठवड्याचे धडे उतरवून आणायचे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. अ‍ॅप अडलं की लोक क्लिअर डेटा दाबतात. त्याने उतरवलेलं सगळं पुसलं जातं, लॉगिनही जातं. आधी फोर्स स्टॉप, मग क्लिअर कॅशे. कॅशे म्हणजे तात्पुरतं साठवलेलं, ते गेलं तरी नुकसान नाही. डेटा म्हणजे तुमचा माल. व्हॉट्सअ‍ॅपला तर क्लिअर डेटा कधीच नाही, बॅकअप नसेल तर चॅट कायमचे गेले समजा.

वर्गातल्या टीव्हीला केबलने फोन जोडून चित्र येत नाही म्हणून केबल बदलत बसतात. स्वस्त फोनच्या टाइप-सी मधून बहुतेक वेळा चित्र बाहेर निघतच नाही, ती सोय फोनमध्ये असावी लागते. व्हिडिओ पेनड्राइव्हवर एमपी४ करून न्या. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात बसत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

संत्राबाग
मॅडम, धारणीकडे आभाळ आहे का?

मास्तरीण_धारणी
नाही हो. नुसती उकाड.

रिपेरिंग_दारव्हा
आलो. उकाडीवरूनच सुरू करतो, कारण मे महिन्यात दुकानात निम्मे फोन त्याचेच. दुपारी ४५ अंश, फोन चार्जिंगला, वरून रबरी कव्हर आणि त्यावर व्हिडिओ. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, स्क्रीन अंधारते, चार्जिंग थांबते. आयफोनसाठी तर कंपनीच ० ते ३५ अंश सांगते. बिघाड नाही तो, फोन स्वतःला वाचवून राहिला. कव्हर काढा, चार्जर काढा, माठाजवळच्या गार फरशीवर उलटा ठेवा १५ मिनिटं. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरते आणि मग बोर्डच जाते.

आता लग्नाच्या व्हिडिओचं. आवाज येते पण चित्र काळं, किंवा चित्र हिरवं-गुलाबी पट्ट्यांचं. हे कोडेकचं दुखणं. व्हिडिओ दाबून ठेवायच्या पद्धती वेगवेगळ्या: एच.२६४ हा २००३ चा, जवळपास सगळ्या फोनमध्ये त्याची चिप असते. एच.२६५ आला २०१३ मध्ये, एव्ही१ २०१८ मध्ये. जुन्या किंवा स्वस्त फोनला नवा प्रकार चिपवर उलगडता येत नाही. एमएक्स प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना वर कोपऱ्यात एचडब्ल्यू लिहिलेलं दिसते. त्यावर बोट ठेवा, एसडब्ल्यू करा. मग उलगडायचं काम चिपऐवजी प्रोसेसर करते. चित्र आलं, पण बॅटरी भराभर उतरेल. फोर-के असेल तर स्वस्त फोनमध्ये धक्के खाईलच.

खरा उपाय फाइलवर. व्हिडिओवाल्याला सांगा, एच.२६४, १०८० पी, एमपी४ करून दे. स्वतः करायचं तर कॉम्प्युटरवर हँडब्रेक फुकट मिळते. फाइल टाका, फास्ट १०८०पी३० निवडा, स्टार्ट एनकोड. मूळ फाइल पुसू नका, नातवंडांच्या फोनला ती चालेल.

वऱ्हाडी_पाहुणा
आणि चित्र आहे पण आवाज नाही तर?

रिपेरिंग_दारव्हा
आवाज एसी३ नाहीतर डीटीएस या कोडेकमधला असते. त्याचा परवाना पैशाचा, म्हणून एमएक्स प्लेअरने तो काढून टाकला. व्हीएलसी टाका, त्यात चालते. ओठ पुढे आणि आवाज मागे असेल तर आधी ब्लूटूथ बंद करून पाहा, तिथे आवाज उशिरानं पोचते. तरी फरक असेल तर व्हीएलसी मध्ये ऑडिओ डिले आहे, ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवा.

बचतगट_ताई
व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रेनिंगचा व्हिडिओ आला, डाउनलोड फेल म्हणते. बाकीच्यांना आला.

रेंजवाला_वणी
ताई, फोनची तारीख-वेळ पाहा आधी. बॅटरी पूर्ण उतरून जुन्या फोनची तारीख मागे गेली की सुरक्षित जोडणीच होत नाही. ऑटोमॅटिक डेट अँड टाइम सुरू करा. मग जागा. मग मोबाइल डेटावर मीडिया डाउनलोड बंद आहे का. आणि कोणी नेटवर्क सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएस मध्ये जाहिराती रोखणारा पत्ता टाकून दिला असेल तर तो ऑटोमॅटिक करा, त्याने भल्याभल्या अ‍ॅपचे व्हिडिओ अडतात.

बचतगट_ताई
तारीखच होती. २०१८ दाखवत होतं. आला आला, बघून राहिलो सगळ्या!

वऱ्हाडी_पाहुणा
अँड्रॉइड ७.१.१ च्या आतल्या फोनचंही तेच समजा. साइट खरी आहे हे ज्यावरून फोन ओळखते ती त्यांच्यातली सुरक्षा प्रमाणपत्रं जुनी, ३० सप्टेंबर २०२१ ला एक मोठं मूळ प्रमाणपत्र संपलं. काही साइटचे व्हिडिओ त्यात उघडत नाहीत. अशा फोनवर फायरफॉक्स चालत असेल तर त्यातून पाहा, तो आपली प्रमाणपत्रं स्वतः बाळगतो.

झाडीपट्टीचा_धानवाला
आमच्या पोरानं नाटकाचं दोन तास शूटिंग केलं, शेवटी फोनच बंद पडला. फाइल आहे, ३ जीबीची आहे, उघडत नाही. आता परत ते नाटक नाही मिळणार.

रिपेरिंग_दारव्हा
काका, धीर धरा, बहुतेक मिळेल. एमपी४ मध्ये चित्र-आवाज आधी लिहिले जातात आणि कोणता तुकडा कुठे आहे याची सूची शेवटी. शूटिंग नीट थांबवलं तरच ती सूची लिहिली जाते. फोन बंद पडला म्हणून सूची लिहायची राहून गेली, पण माल आत आहे. फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करा, मूळ तशीच ठेवा. त्याच फोनने, त्याच सेटिंगवर एक-दोन मिनिटांचा नवा व्हिडिओ काढा आणि नीट सेव्ह करा. मग अनट्रंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला आधी चांगली फाइल दाखवायची, मग बिघडलेली. चांगल्या फाइलची मांडणी पाहून ते बिघडलेलीची सूची नव्याने बांधते. फोन तोच हवा, दुसऱ्या फोनचा नमुना चालत नाही. तोवर त्या फोनमध्ये या नमुन्याशिवाय दुसरं काही रेकॉर्ड करू नका. पुढच्या वेळी दर अंकाला शूटिंग थांबवून परत सुरू करायला सांगा.

झाडीपट्टीचा_धानवाला
देव भलं करो भाऊ. पोराला वाचून दाखवतो.

संत्राबाग
पैशाच्या अ‍ॅपवर सिनेमा धूसर दिसते, नेट बरं असून.

वऱ्हाडी_पाहुणा
डीआरएम इन्फो नावाचं अ‍ॅप टाकून वाइडवाइन लेव्हल पाहा, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणारं कुलूप तुमच्या फोनमध्ये किती पक्कं आहे ते; एल१ सगळ्यात पक्कं, एल३ सगळ्यात कच्चं. एल३ असेल तर बहुतेक अ‍ॅप ४८० च्या वर देतच नाहीत, पॅक महाग घेऊन फायदा नाही. एल१ असून धूसर असेल तर अ‍ॅपमधली क्वालिटी पाहा.

कपाशीचा_बांध (यवतमाळ)
आणि माझं कार्ड राजेहो?

रिपेरिंग_दारव्हा
हाव भाऊ, आता ऐका. मायक्रो कार्ड मोठ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवा. अ‍ॅडॉप्टरच्या डाव्या कडेला नखाने सरकणारी बारीक खिटी असते, ती खाली लॉककडे ओढा. म्हणजे कॉम्प्युटर कार्डावर काही लिहिणार नाही. कार्डाचे सोनेरी पट्टे आधी कोरड्या खोडरबराने हलके पुसा, दहा वर्षांचा मळ असते. कॉम्प्युटरने फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल. हरवलेल्या फाइल शोधणारं फोटोरेक सॉफ्टवेअर फुकट आहे, फोटोसोबत व्हिडिओही काढते. सापडलेल्या फाइल कार्डावर नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवा. नावं गेलेली असतील, एकेक व्हीएलसी मध्ये उघडून पाहावी लागेल. चित्र मोठं करून पाहू नका, १७६ चं तेवढंच दिसते.

कपाशीचा_बांध (यवतमाळ)
खिटी सापडली. उद्या बाजाराच्या दिवशी कॅफेत नेतो.

रिपेरिंग_दारव्हा
कॅफेतला कार्ड रीडर आधी दुसऱ्या कार्डावर तपासून घ्या.