टॅपेट कव्हरचा एक बोल्ट आटे घेऊन बाहेर आला, दुसऱ्याचं डोकं गोल झालंय – मदत हवी आहे

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं. हेडवरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, कडेने ऑइल झिरपतंय म्हणून गॅस्केट बदलायला घेतलं. बोल्ट सगळे एम ६ × १.०, १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते. मधला बोल्ट बाहेर आला तो आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळूनच. भोक आरपार नाही, तळ लागतो. मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टचे कोपरे झिजलेत, गोटी घसरते आणि बोल्ट जागचा हलत नाही. हेड न उतरवता दोन्ही कामं होतील का? भोकात इपॉक्सी भरून नवे आटे मारले तर चालेल का?

प्रतिसाद १

आधी गोल झालेला बोल्ट काढा, कव्हर निघाल्याशिवाय दुसऱ्या भोकाला हात लावता येणार नाही.

बारा कोनी गोटी बाजूला ठेवा, ती कोपऱ्यांवरच जोर देते. सहा कोनी घ्या. डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे चार-पाच नेमके ठोके द्या, गंजाची पकड सुटायला मदत होते. मग ३/८ इंची गोटी ठोकून बसवा. तिचं माप ९.५ मिमी, म्हणजे झिजलेल्या १० च्या डोक्यावर ती घट्ट चावते. तरीही हलला नाही तर हॉट एअर गनने बोल्टच्या भोवतालचं हेड तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. गॅस्केट तसंही बदलायचंच आहे. पेट्रोलची लाइन जवळ असते, म्हणून उघडी ज्योत नको.

हेही जमलं नाही तर डोकंच उडवा. मधोमध सेंटर पंच मारा, आधी ३ मिमी आणि मग ६.५ मिमी ड्रिल डोक्यापुरतंच चालवा. डोकं निघालं की बोल्टवरचा ताण संपतो. कव्हर उचललं की दांडा वर उरतो, तो ग्रिप प्लायरने धरून काढा. बरेचदा तो अगदी सहज फिरतो, कारण पकड डोक्याखाली होती, आट्यांत नव्हती.

ईझी-आउट (बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटा फिरवत घालायचं, बोल्ट काढायचं हत्यार) एम ६ मध्ये वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती. एवढ्या लहान मापाचा ईझी-आउट ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही, मग हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडे) न्यावं लागतं.

प्रतिसाद २

इपॉक्सी नको. गरम ऑइल आणि रोजचं तापणं-थंड होणं यात ती टिकत नाही. एम ८ करण्याचाही विचार करू नका. त्याला ६.८ मिमी भोक लागतं, भिंत पातळ होते आणि कव्हरचं भोकही वाढवावं लागतं.

आधी तारेने भोकाची खोली मोजा. खाली न वापरलेले आटे शिल्लक असतील तर ५ मिमी लांब बोल्टनेच काम भागेल. मात्र बोल्ट तळाला टेकता कामा नये. टेकला तर पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि कव्हर सैलच राहतं.

आटे उरलेच नसतील तर हेलिकॉइल, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात बसवायची, नवे आटे देणारी तारेची कॉइल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एम ६ चा संच मिळतो. त्यातलाच टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरा, साधा एम ६ टॅप चालत नाही. ड्रिल ६.३ मिमी, अगदी काटकोनात, मूळ खोलीपर्यंतच (ड्रिलवर टेप गुंडाळून खूण करा). टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कीस त्यात चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये मध्ये रॉकेल. कॉइल ९ मिमी लांबीची घ्या आणि पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवा.

खरा धोका किसाचा आहे. शेजारीच कॅमशाफ्ट आणि ऑइल खाली जाण्याची भोकं असतात. ड्रिल करण्याआधी प्रत्येक भोकात स्वच्छ कापडाची बोळी घाला, बोळे मोजा आणि काढताना तेवढेच निघाले का ते बघा. हवा मारू नका, व्हॅक्यूमने ओढा.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार. कॉइलच्या तळाला जो आडवा दांडा असतो, तो तोडायचा की तसाच ठेवायचा? आणि बोल्ट किती आवळायचा?

प्रतिसाद २

तुमचं भोक आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं आहे. बोल्ट दांड्यापर्यंत पोचत नसेल तर राहू द्या. पोचत असेल तर सपाट पंचने एकच ठोका देऊन तोडा आणि लांब चिमट्याने तुकडा बाहेर काढा.

भोकातलं ऑइल कापडाने टिपून घ्या. आंधळ्या भोकात ऑइल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर दाबाने हेडला तडा जाऊ शकतो.

टॉर्क (आवळण्याचा जोर) तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच. कव्हरच्या एम ६ ला बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर असतो. मधून सुरुवात करून कडेकडे जा, दोन टप्प्यांत.

प्रतिसाद १

यात एक भर. बऱ्याच कव्हरच्या बोल्टला खांदा (दांड्यावरची जाड पायरी) असतो. तो हेडवर टेकला की रबर जेवढं दबायचं तेवढं दबलेलं असतं. त्यापुढे आवळलं तर गळती थांबत नाही, फक्त आटे ओढले जातात. गॅस्केटसोबत बोल्टखालचे रबरी वॉशरही बदला, आणि गॅस्केटच्या कोपऱ्यांत सिलंट लावायला सांगितलं असेल तर तिथेच मुगाएवढा थेंब लावा.